तळाचं पाणी

बर्फाच्या पाण्याच्या टबात उतरणाऱ्यांचे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात. दात आवळलेले, खांदे कानापर्यंत चढलेले, चेहऱ्यावर तपश्चर्येचं तेज. तोच टब रिकामा करणाऱ्याचा फोटो मात्र मी अजून पाहिलेला नाही. एका हातात पाईप, दुसऱ्या हातात स्पंज, कंबर वाकलेली आणि नजर तळाशी उरलेल्या पाण्यावर. यात मिरवण्यासारखं काय असणार? पण घरी असा टब ठेवायचा म्हणजे मुख्यतः हेच करायचं असतं. पाण्यात बसायची दोन-चार मिनिटं सोडली, तर बाकी सगळा संसार पाणी भरण्याचा, राखण्याचा आणि उपसण्याचा.

उपसायला मन धजत नाही, हा यातला पहिला तिढा. साधा हिशेब मांडून बघा. टबात ३०० लिटर पाणी आहे, ते २५ अंशांवरून १० अंशांवर आणायचं आहे. त्यासाठी जवळजवळ ५० किलो बर्फ विरघळावा लागतो, आणि हा हिशेब बाहेरची हवा टबाला अजिबात लागत नाही असं धरून. एवढा बर्फ आणून ओतलेला माणूस दुसऱ्या दिवशी बूच काढेल का? तो झाकण लावतो आणि म्हणतो, पाणी चांगलं स्वच्छ दिसतंय की, आणखी दोन दिवस जाईल. चिलर घेतलेल्यांचा मोह तर याहून मोठा, कारण त्यांचं पाणी आपोआप गार राहतं आणि बदलायला निमित्तच उरत नाही.

स्वच्छ दिसतं, हीच तर गोम आहे. गार पाणी दिसायला फार सज्जन असतं. वास येत नाही, रंग बदलत नाही, तळ लख्ख दिसतो. पण थंडीने जंतू मरत नाहीत, मंदावतात. फ्रिजमध्ये ठेवलेलं अन्न नासायचं थांबत नाही, फक्त नासायला वेळ घेतं, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. टबात उतरणारा प्रत्येक जण घाम, त्वचेचं तेल, मेलेली कातडी, अंगाला लावलेलं काहीबाही असं सगळं मागे ठेवून जातो. आधी साबण लावून आंघोळ केली तर पाण्याचं आयुष्य वाढतं, पण आंघोळ करण्यासाठी आधी आंघोळ करायची हे घरच्यांना पटवून देणं सोपं नाही.

म्हणून पाण्याकडे न बघता टबाच्या कडेला हात लावावा. पाण्याची रेघ जिथे येते तिथे बोट फिरवायचं. बुळबुळीत लागलं, तर पाणी कितीही नितळ दिसो, वेळ झाली आहे. हा थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेलं चिकट घर. त्यात शिरायला जंतुनाशक औषधालाही वेळ लागतो, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही, घासावंच लागतं. कोपरे, शिवणी, तोटीच्या आतली बाजू आणि झाकणाचा खालचा भाग. झाकण सगळे विसरतात.

क्लोरीन वापरणारे साधारण तरणतलावाचेच आकडे धरून चालतात: लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. पीएच वर सरकला की क्लोरीन पाण्यात असूनही आळसावतं. गारठ्यातही त्याचं काम हळू चालतं, तेव्हा टाकल्या टाकल्या उडी मारण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. क्षारांचे डाग काढायला व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल वापरायचं असेल, तर क्लोरीनचा अंश पूर्ण धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

आता प्रत्यक्ष उपसणं. सुरुवात मोठी झोकात होते. तोटी उघडली की धार लांब पडते, पातळी बघता बघता उतरते, आणि माणसाला वाटतं की पाचदहा मिनिटांचं तर काम. मग धार जवळ येऊ लागते. टोरिचेल्ली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात याचा नियम सांगून ठेवला आहे: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे पातळी एक-चतुर्थांशावर आली की वेग निम्मा. उभ्या भिंतींच्या टबात यातून निघणारा निष्कर्ष फारच जिव्हारी लागतो. वरचं तीन-चतुर्थांश पाणी जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तळाचं एक-चतुर्थांश जायला लागतो. अर्धं काम संपलं असं खरोखर म्हणता येतं तेव्हा टब जवळजवळ रिकामा दिसत असतो.

यावर एक उतारा आहे. तोटीला पाईप जोडून त्याचं टोक जितकं खाली नेता येईल तितकं न्यावं, धारेला जोर येतो. टबाला तोटीच नसेल तर सायफन, पण पाईप तोंडाने ओढायचा नाही. तो आधी पाण्याने भरून घ्यायचा, एक टोक टबाच्या पाण्यातच ठेवून दुसऱ्यावर अंगठा दाबायचा, आणि ते खाली नेऊन सोडायचं. चिलर-पंप असेल तर तो आधी बंद करायचा, कोरडा फिरला तर जळतो.

वाट बघताना भोवरा दिसतो, आणि त्याची दिशा पृथ्वीच्या परिवलनामुळे ठरते, असा विषय कुणीतरी काढतंच. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या आशर शापिरो यांनी सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी चोवीस तास निश्चल ठेवलं आणि मग बूच काढलं, तेव्हा कुठे पृथ्वीचा परिणाम दिसला. पाणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं. आपल्या टबात आपण नुकताच हात घातलेला असतो, त्यामुळे भोवरा त्या हाताचं ऐकतो.

तोटी तळापासून जराशी वर असते, म्हणून शेवटचं पाणी कधीच आपणहून जात नाही. टब कलंडवावा म्हटलं तर १२० बाय ६० सेंटिमीटरच्या तळावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ३६ किलो. तिथे मग तांब्या, स्पंज आणि चिकाटी. लहान मूल घरात असेल तर एवढं पाणीही उघडं ठेवून जाता येत नाही.

काढलेलं पाणी झाडांना द्यायचा विचार चांगला आहे, पण एखादा दिवस उन्हात उघडं राहून क्लोरीन उडाल्यावर आणि पाणी कोमट झाल्यावर. त्यात मीठ टाकलेलं असेल तर झाडांची क्षमा मागून ते सांडपाण्यात सोडावं. पावसाच्या पाण्याच्या गटारात किंवा ओढ्यात नाही, क्लोरीन माशांना सोसत नाही. बाहेर गोठणारी थंडी असेल तर पाईप आणि पंपातलंही पाणी काढावं लागतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि जागा नसली की प्लास्टिक तडकतं.

मग टब पुसून, झाकण उघडं ठेवून तो पुरता कोरडा होऊ द्यायचा. नवं पाणी सोडण्याआधी तोटी बंद आहे का ते बघायचं. उघड्या तोटीचा टबही सुरुवातीला भरतोय असंच वाटतं.