द्राक्षं, दोन ओएस आणि साडेपाच तास

दादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडला चहा घेत होतो, आणि हॅलो वगैरे काही नाही, डायरेक्ट "काय रे इंजिनिअर, तुझ्या रिपोर्टप्रमाणे आपली द्राक्षं आधी थंड झाली आणि मग परत गरम झाली, तीही गाडी निघून गेल्यावर, आता हॉलंडवाल्याला काय सांगू?"

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. पिंपळगाव बसवंतच्या पुढे त्याचं छोटं पॅकहाउस आहे, सीझनमध्ये तिथून कंटेनर न्हावा शेवाला जातात आणि तिकडून रॉटरडॅम. प्रीकूलिंगच्या, म्हणजे गाडीत भरण्याआधी द्राक्षं थंड करायच्या खोलीत द्राक्षाच्या मण्यात टोचायचा एक सेन्सर मी त्याला बसवून दिलेला, दर पाच मिनिटाला तापमान लिहून ठेवणारा. लॅपटॉप त्याचाच जुना, त्यावर हिशोबासाठी विंडोज होतं आणि सेन्सरच्या स्क्रिप्टसाठी (नोंदी लिहिणारा छोटा प्रोग्राम) मी बाजूला उबुंटू टाकलं, लिनक्सचाच एक प्रकार, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस), म्हटलं फुकटात काम होतंय. तिथेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओझरमार्गे तिकडे गेलो. दादाने लॅपटॉप चालू केला, विंडोज आलं, आणि वेळ दाखवतंय पहाटेचे साडेतीन! बाहेर ऊन, घड्याळात नऊ. दादा म्हणे "हे तर रोजचंच आहे, मी परवा आतला घड्याळाचा सेलपण बदलून आणला, तरी तेच". तेव्हा माझी ट्यूब पेटली. नऊ वजा साडेतीन म्हणजे साडेपाच. सेल कधी मोजून साडेपाच तास मागे पडत नाही हो.

झालं असं की लॅपटॉप बंद असताना वेळ सांभाळणारी एक चिप मदरबोर्डवर असते आणि तिला फक्त आकडे कळतात, हे आकडे भारताचे की ग्रीनिचचे हे ती सांगत नाही. 1984 च्या आयबीएम पीसी एटीपासून ही चिप पीसीत आहे, तेव्हाच्या डॉसला टाइम झोन ही भानगडच माहीत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळात जे दिसतंय तेच चिपमध्ये, आणि विंडोजने ती सवय आजपर्यंत सोडलेली नाही. लिनक्स आणि मॅक मात्र चिपमध्ये यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची जागतिक वेळ आहे असं धरतात आणि दाखवताना त्यात साडेपाच मिळवतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण एकाच घरात राहिले की भांडणं.

म्हणजे बघा, दादाने दुपारी दोनला विंडोज बंद करून उबुंटू लावलं. चिपमध्ये दोन. उबुंटू म्हणालं हे यूटीसीचे दोन, म्हणजे नाशकात साडेसात वाजले. तिथे नेटचं तुम्हाला माहितीये, शेतात येतं जातं. सव्वाचारला नेट आलं, उबुंटूने खरी वेळ विचारली आणि घड्याळ पावणेदहावरून धाडकन सव्वाचारवर आणलं, वर चिपमध्येही यूटीसी लिहून टाकलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोजमध्ये पहाट. आणि माझी शहाणी स्क्रिप्ट, ती शेवटी सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावायची. त्यामुळे दुपारची बावीस डिग्रीची गरम द्राक्षं रिपोर्टमध्ये रात्री साडेसातपासून पावणेदहापर्यंत जाऊन बसली, आणि गाडी तर आठलाच गेटबाहेर पडलेली. सेन्सर बिचारा एकदाही चुकला नव्हता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. लिनक्सला चिपमध्ये लोकल वेळ ठेव असं सांगता येतं, टाइमडेटसीटीएल नावाच्या कमांडने, पण ते करताना ती कमांड स्वतःच कुरकुर करते. त्यापेक्षा मी विंडोजलाच वळण लावलं, रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगची वही) टाइम झोन इन्फर्मेशनच्या खाली 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' अशी सगळी अक्षरं जोडून एक नोंद करायची आणि तिची किंमत 1 ठेवायची. रीस्टार्ट केलं, नऊ वाजून चाळीस. दादा म्हणाला "बास? एवढंच?" मिसळ त्याने दिली ती गोष्ट वेगळी.

स्क्रिप्टही बदलली. आता प्रत्येक नोंद यूटीसीत जाते आणि सोबत एक चढता नंबर, म्हणजे घड्याळ कितीही नाचलं तरी कुठली नोंद आधीची हे नंबरवरून कळतं. नंबर खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता.

हे चालू असतानाच सर्व्हरवर दुसरं काटेरी प्रकरण निघालं, टाइम झोनच्या नावांचं. विंडोज आपल्या झोनला 'इंडिया स्टँडर्ड टाइम' म्हणतं, लिनक्स आणि मॅक 'एशिया/कोलकाता'. माझा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेला जुना कोड विंडोजवर मस्त चालायचा, लिनक्स सर्व्हरवर टाकला की असा झोनच नाही म्हणून आडवा. डॉटनेट 6 पासून दोन्ही नावं चालतात, मी त्याच्या आधीच्या आवृत्तीवर होतो. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा त्याहून डेंजर, नाव ओळखलं नाही तर जुना टाइमझोन क्लास गपचूप ग्रीनिच धरतो, एरर नाही काही नाही. आणि नुसतं आयएसटी तर लिहूच नका, इस्रायल आणि आयर्लंडवालेपण तेच लिहितात.

त्या 'एशिया/कोलकाता'ची एक फाईल असते, झोनच्या जुन्या-नव्या वेळांची, तिच्यात गंमत म्हणून 1944 ची तारीख टाकून बघा, ग्रीनिचशी फरक साडेसहा तास येतो, कारण युद्धात घड्याळं एक तास पुढे केलेली. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, ती शहरात 1955 पर्यंत टिकली, पण तिची वेगळी फाईल नाहीये. तसं बघितलं तर नाशिकची वेळही वेगळीच. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 रेखांशाची आणि आपण 73.8 च्या आसपास, त्यामुळे गोदाघाटावर सूर्य डोक्यावर येतो तो साधारण 12:35 ला. मामा शेतात सावली बघून जेवायला येतात, त्यांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले "मग घड्याळच चुकतंय ना".

राहिला हॉलंडवाला. त्याच्याशी दर सोमवारी त्याच्या सकाळी नऊला कॉल असतो, थंडीत आपल्याकडे दीड. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, आपला सीझन ऐन भरात, आणि कॉल येतो साडेबारालाच. इथे मी उलटी चूक केलेली, येणाऱ्या सगळ्या कॉलची वेळ यूटीसीत गोठवून ठेवली, सेन्सरसारखी. झालेल्या गोष्टीला ते बरोबर आहे, पुढच्या भेटीला नाही, तिथे 'सोमवार, सकाळचे नऊ, युरोप/ॲमस्टरडॅम' असंच लिहायला लागतं आणि दर वेळी नव्याने हिशोब करायचा. ते कळेपर्यंत त्या सोमवारी गोरा तासभर फोन करत होता आणि दादा जेवत होता.

दादाने काढून टाकलेला तो सेल मी घरी आणला, वजनकाट्यात घातलाय, ठणठणीत चालतोय.