तुम्ही विचारलेत म्हणून: ‘क्लू’ची बाजू मी का घेते

आवडत्या विनोदी चित्रपटांचा विषय निघाला आणि मी ‘क्लू’चे नाव घेतले, की एक प्रश्न हमखास येतो. ज्या चित्रपटाला समीक्षकांनी नापास केले आणि जो तिकीटबारीवर पडला, त्याची एवढी बाजू का घेता? त्या वेळचे सगळे समीक्षक चुकले होते का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगते. मात्र चित्रपट १९८५ सालचा असल्याने रहस्य राखून बोलणार नाही.

घरोघरी खेळल्या जाणाऱ्या एका बोर्ड गेमवरून जोनाथन लिन यांनी हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. १९५४ मधील एका वादळी रात्री सहा अनोळखी माणसे खोटी नावे धारण करून एका हवेलीत जमतात. एकच इसम त्या सर्वांना ब्लॅकमेल करत असतो, आणि पाहता पाहता घरात प्रेते पडू लागतात. निर्मात्यांनी या कथेचे तीन वेगवेगळे शेवट ठेवले आणि प्रत्येक चित्रपटगृहात त्यांपैकी एकच पाठवला. तिन्ही पाहण्यासाठी लोक तीनदा तिकीट काढतील, ही अपेक्षा फोल ठरली. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाला अमेरिकेत तेवढेही उत्पन्न मिळाले नाही.

कोणताही शेवट जोडला तरी चालतो, म्हणजे रहस्याला अर्थच उरत नाही, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि रहस्यपट म्हणून पाहिले तर तो मला मान्य आहे. पण ‘क्लू’ हा मुळात फार्स आहे. फार्समध्ये गुन्हेगार कोण यापेक्षा कोणते दार कधी उघडते आणि त्या क्षणी खोलीतली माणसे काय लपवत असतात, याला महत्त्व असते. पोलीस शिपाई अचानक दारात उभा राहतो तेव्हा पाहुणे मृतदेहांना बिलगून रंगात आलेल्या पार्टीचा देखावा उभा करतात. त्या प्रसंगात कॅमेरा एकाच चेहऱ्यावर रेंगाळत नाही, आणि कोपऱ्यातला माणूस काय करतो आहे हे दुसऱ्यांदा पाहतानाच दिसते. एकदा पाहून निकाल द्यावा असा हा चित्रपट नव्हताच, आणि दुसऱ्यांदा पाहण्याची सोय लोकांना मिळाली ती तो व्हिडिओ कॅसेट आणि केबलवर आल्यावर. शिवाय तिथे तिन्ही शेवट एकापाठोपाठ एक जोडलेले होते. चित्रपटगृहात अंगलट आलेली क्लृप्तीच घरच्या पडद्यावर त्याचा सर्वांत बहारदार भाग ठरली.

टिम करी यांचा बटलर वॅड्सवर्थ हे माझे सर्वांत मोठे कारण. पहिल्या दोन शेवटांत तो सरकारचा गुप्त अधिकारी निघतो, तर तिसऱ्यात तोच खरा ब्लॅकमेलर ठरतो. म्हणजे आधीच्या तासाभरातील त्यांचा अभिनय कायद्याच्या रक्षकालाही लागू पडला पाहिजे आणि खलनायकालाही. शेवटाकडे तो संपूर्ण रात्रीचा घटनाक्रम खोल्याखोल्यांतून धावत, प्रत्येकाची नक्कल करत, स्वतः जमिनीवर कोसळत करून दाखवतो. प्रेक्षकाला सर्व ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगून हसवणे किती कठीण असते, याचा विचार करावा. मायकेल मकीन यांचा घाबरट, धडपडणारा मिस्टर ग्रीन तिसऱ्या शेवटात गुप्त अधिकारी निघतो. हे कळल्यावर त्यांची प्रत्येक धडपड निराळी वाटते.

सगळेच उत्तम आहे, असे माझे म्हणणे नाही. जोड्या करून अंधारात घर धुंडाळण्याचा मधला भाग रेंगाळतो, आणि मोलकरणीच्या कपड्यांवरून केलेले विनोद आज नकोसे वाटतात.

मात्र मॅडलिन कान यांच्या त्या काही सेकंदांसाठी मी हा दोष सहज पोटात घालते. मिसेस व्हाइट आपल्या द्वेषाची कबुली देऊ लागते, आणि बोलता बोलता तिला शब्दच सापडेनासे होतात. गालांपाशी हात नेत ती ज्वाळांविषयी काहीतरी तुटक पुटपुटते, श्वास घेते, पुन्हा प्रयत्न करते. हे संहितेत नव्हते, कान यांनी कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी केले. आज ‘क्लू’चे चाहते सर्वाधिक उद्धृत करतात ते हेच बोलणे, आणि ते फक्त तिसऱ्या शेवटात आहे. १९८५ च्या डिसेंबरात ज्यांच्या वाट्याला पहिला किंवा दुसरा शेवट आला, ते प्रेक्षक हा प्रसंग न पाहताच घरी गेले.