आजोबांच्या हाती नात दिली नाही

1 सप्टेंबरला इथे तोक्योत बहुतेक शाळांत भूकंपाची कवायत असते. 1923 साली याच तारखेला भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त झालं होतं. आमच्या निशी-कासाईतल्या सरकारी शाळेत त्या दिवशी 'हिकिवाताशी' असते, म्हणजे मूल पालकाच्या ताब्यात देण्याचा सराव. मला ऑफिसातून निघायला उशीर होणार होता, म्हणून बाबांना म्हटलं, तुम्ही जा. ऑगस्टपासून ते आमच्याकडेच आहेत आणि शाळा घरापासून सात मिनिटांवर.

पावणेदोनला फोन आला. लेकीच्या बाई. "आजोबा आलेत, पण कार्डावर त्यांचं नाव नाही."

एप्रिलमध्ये भरलेल्या कार्डावर तीन नावं होती: मी, नवरा आणि खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या काकू. बाबा तेव्हा लातूरला होते. मी म्हटलं, "माझेच वडील आहेत, सोडा तिला." बाई शांतपणे म्हणाल्या, "खऱ्या भूकंपात फोन लागणार नाही. म्हणून आजही फोनवरून ठरवत नाही." त्यांनी चारदा माफी मागितली. पण नाही म्हणजे नाही.

मी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. बाबा मैदानाच्या कडेला सावलीत खुर्चीवर बसले होते. कुणीतरी गार मुगिचा, म्हणजे जवाचा चहा, आणून दिला होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. लेक वर्गात, डोक्यावर बोसाई झुकिन, म्हणजे भूकंपात डोकं वाचवणारी कापसाची जाड टोपी. एरवी ती खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असते. बाईंनी आधी कार्ड पाहिलं, मग माझा चेहरा, मग लेकीलाच विचारलं, "या कोण?" "आई." वेळ लिहिली, 2:41. माझी सही घेतली. मग बाहेर येऊन बाबांपुढे कमरेत वाकल्या, बराच वेळ.

मी चिडले होते. अजूनही थोडी आहे. लेक खिडकीतून 'आजोबा, आजोबा' हाका मारत होती, त्यापेक्षा मोठा पुरावा कोणता? आमच्या गावच्या शाळेत शिपाईमामांना प्रत्येक पोराचं घर माहीत होतं. आजोबांची सायकल कोणती, मामा कुठून येतो, सगळं. कागद लागला नाही कधी. तीही सुरक्षितताच होती आणि तिला कुणी मागास म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. इथे शिक्षकांची काही वर्षांनी बदली होते, शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं. मग कागदावरच विसंबावं लागतं.

आता तिकडेही भावाचा मुलगा शाळेत व्हॅनने जातो आणि चालक दर जूनमध्ये नवा असतो, हेही खरंच. पण तो विषय निघाला की भाऊ दुखावतो, म्हणून मी काढत नाही.

नियम मला कळतो. जपानी मापाने तीव्रता 'पाच प्रबळ' किंवा वर गेली की आमच्या शाळेतून कुठलंच मूल एकटं सोडत नाहीत. एरवी हीच मुलं पहिलीपासून पायी एकटी घरी येतात. 11 मार्च 2011 ला तोक्योतल्या गाड्या बंद पडल्या आणि कितीतरी आईबाप रात्रभर घरी पोचू शकले नाहीत. अशा रात्री मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे एकाच जागी लिहिलेलं हवं. माझा राग इतकाच की हा सराव होता, आणि समोर सत्तरीतला माणूस उन्हाळ्यात बसला होता.

बाबा दुपारभर काही बोलले नाहीत. मला वाटलं, अपमान लागला. रात्री भांडी आवरताना म्हणाले, "अगं, किल्लारीला आमच्याकडे असं कार्ड नव्हतं."

1993 चा भूकंप, 30 सप्टेंबर, पहाटे 3:56. बाबा तेव्हा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, मदत छावणीत ड्युटी लागली. "कुणी यायचं, म्हणायचं मी मामा. पोराला उराशी धरायचं आणि घेऊन जायचं. आपण कुणाला अडवणार? दुपारी चुलता यायचा, पोर कुठंय म्हणून. काय सांगायचं? एक तर तीन दिवसांनी उमरग्याला सापडलं. मग मी वही केली. पोराचं नाव, नेणाऱ्याचं नाव, गाव, अंगठा."

इतकी वर्षं मी त्यांची मुलगी आहे, ही वही मला माहीत नव्हती.

"त्या बाईंनी बरोबर केलं," म्हणाले. "मला राग आला, तो वेगळा."

दुसऱ्या दिवशी नवं कार्ड आणलं. चौथ्या ओळीत बाबांचं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं, नात्याच्या रकान्यात आजोबा. ते पुढच्या महिन्यात परत जातील, तरी लिहिलं. कार्ड देताना बाईंना म्हटलं, सरावाच्या दिवशी तरी फोनवर ऐकायला हवं होतं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. म्हणाल्या, वरिष्ठांना सांगते, पण पुढच्या वर्षीही मी असंच करेन.