तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरं एवढी मळून येतात, आंघोळ घालता का?

आमच्याकडे आलेला माणूस चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच हा प्रश्न येतो. समोरून मनी पिवळीधमक होऊन जात असते किंवा चिंगीच्या पाठीवर काळा ओघळ असतो, आणि पाहुणे विचारतात, "आंघोळ घालता का हो यांना?" दूध आणायला गेलं तरी कोणीतरी हेच विचारतं. विचारणाऱ्यांना उत्तरही आधीच ठरलेलं हवं असतं. काहींच्या मते मांजर आपलं आपण स्वच्छ राहतं, त्याला पाणी लावूच नये. काहींच्या मते दर रविवारी साबण लावून घासून काढावं, घरात लेकरंबाळं आहेत. माझं उत्तर या दोघांनाही पटत नाही. मी फार क्वचित आंघोळ घालते, पण जेव्हा घालते तेव्हा गॅस बंद करून, हातातलं काम टाकून त्याच क्षणी घालते.

ते कशावर ठरतं ते सांगते. मांजराच्या अंगाला जे लागतं ते शेवटी त्याच्या पोटात जातं. जागेपणीचा मोठा वेळ मांजर स्वतःला चाटण्यात घालवतं. त्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, म्हणून ती आपल्या हाताला खरखरीत लागते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी दाखवून दिलं की हे काटे टोकाशी पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ धरली जाते आणि केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सगळ्यांची जीभ अशीच. इतकं चांगलं साधन तोंडात असताना धूळ-मातीसाठी माझ्या बादलीची गरज पडत नाही. पण त्याच साधनानं विषही मुळापासून उचललं जातं. म्हणून मांजर किती मळलंय हे मी बघत नाही. हे चाटलं तर काय होईल, एवढंच बघते.

आम्ही सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या अंगाला राहतो. आमच्या भिंतीला लागून हळदीचं गोदाम आहे. हंगामात तिथं राजापुरी हळदीची पोती थप्पीला लागतात, आणि पोतं हललं की भुकटी उडते. आमच्या मनीला त्या पोत्यांच्या फटीत झोपायला आवडतं. मनी पांढरीशुभ्र आहे. एकदा गोदामातले हमालमामा तिला दोन्ही हातांत धरून दारात आले आणि म्हणाले, "वैनी, तुमचं मांजार जेजुरीला जाऊन आलं बगा." खरोखरच भंडारा उधळल्यासारखी दिसत होती. नाकपुडीच्या कडा पिवळ्या, मिशा पिवळ्या, कानाच्या आतली लव पिवळी. डोळे तेवढे हिरवे.

अशा वेळी मी पाणी लावत नाही. हळदीचा रंग म्हणजे कुर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. ओल्या हातानं चोळलं की भुकटीचा लगदा होतो आणि केसाला आणखी चिकटतो. त्यापेक्षा तिला गच्चीवर नेऊन सुक्या फडक्यानं झटकावं, बारीक दातांच्या फणीनं विंचरावं, नाक-डोळ्यांच्या कडा तेवढ्या ओलसर कापसानं टिपाव्यात. राहिलेला पिवळेपणा उन्हात उडतो, कारण कुर्क्युमिन उन्हाला टिकत नाही. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवल्यावर फिका पडतो तो याचमुळे. मनी गच्चीवर ऊन खात पडते आणि स्वतःला चाटते. काही दिवसांत पुन्हा पांढरी. एवढी चिमूटभर हळद पोटात गेली तर मला काळजी नसते.

आमच्या शेजारच्या मुलानं मात्र एकदा मायेपोटी तिला कपड्याच्या साबणानं धुवायला घेतलं. साबण लागला तशी मनी मानेपासून पोटापर्यंत तांबडी व्हायला लागली. पोरगं घाबरून ओरडलं, "काकू, रक्त!" रक्ताचा थेंबही नव्हता. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. पूर्वीपासून कुंकू करतात ते हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया घडवूनच. कपड्याचा साबण क्षारयुक्त असतो. भरपूर पाणी ओतल्यावर लाली ओसरली आणि पिवळेपणा तसाच राहिला. त्या मुलाला मी बसवून हे सगळं सांगितलं, कारण त्याचा हेतू फार चांगला होता. तेव्हापासून मनीला विंचरायला तोच येतो.

चिकट, तेलकट गोष्टींची बात निराळी. गोदामासमोर माल भरायला टेम्पो लागतात. थंडीत चिंगी गरम इंजिनाच्या खाली जाऊन बसते आणि पाठीवर काळं ऑइल घेऊन येते. इथं मी घड्याळ बघत नाही. ती चाटायला लागायच्या आत तिला टॉवेलात गुंडाळते, डोकं तेवढं बाहेर. आधी सुक्या कागदानं ऑइल टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. मग त्या जागी थोडं गोडेतेल बोटांनी जिरवायचं, म्हणजे काळं ऑइल सुटं होतं. तेही टिपून घ्यायचं. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि कोमट पाणी, मनगटावर ओतून बघितलेलं. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे आपल्याला गार न लागणारं पाणी त्याला गार लागतं. पाणी भरपूर ओतून साबणाचा मागमूस राहू द्यायचा नाही. साबण राहिला तर तोही ती चाटणारच. उंदरांसाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यात पिल्लू अडकलं तर हीच रीत. ओढायचं नाही, कापायचं नाही, गोडेतेल लावून धीरानं सोडवायचं.

अशा वेळी भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "रॉकेल लावा, पटकन निघंल." कृपा करून लावू नका. रॉकेल आणि टर्पेंटाइन मांजराच्या कातडीला भाजतात. चाटताना ठसका लागून फुप्फुसात गेलं तर जीव वाचवणं अवघड होतं.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. सगळ्यात वाईट मळ डोळ्यांना दिसत नाही. तो फरशी पुसायच्या बादलीत असतो. आपल्याकडे फिनेलचा वास आला की घर स्वच्छ झालं असं वाटतं. पण फिनॉल जातीची द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकणारं एक एन्झाइम मांजरात जवळजवळ कामच करत नाही. आपलं यकृत जे सहज पचवतं ते मांजराच्या अंगात साठून राहतं. पॅरासिटामॉलची आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच कारणानं. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, कोपऱ्यात जाऊन पंजे चाटतं, आणि दिसायला ते अगदी स्वच्छ मांजर असतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकंही बरीचशी याच जातीची. आमच्या घरात फरशी साध्या पाण्यानं आणि थोड्या साबणानं पुसतात, आणि वाळेपर्यंत मांजरं आतल्या खोलीत. कुत्र्याच्या गोचिडांवरचं औषधही मांजराला कधी लावू नये. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे फार जपावं लागलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पेठेत पाणी शिरलं तसं मांजरांना भाजीच्या जाळीच्या क्रेटमध्ये घालून वरच्या मजल्यावर नेलं. पाणी ओसरल्यावर खालच्या खोलीत घोट्याएवढा गाळ होता, आणि त्याला डिझेलचा, गटाराचा, कुजलेल्या धान्याचा असा मिळून एक वास होता. एरवी पावसातला चिखल मी वाळू देते आणि मग विंचरून काढते, पण तो चिखल शेतातला असतो. पुराच्या गाळात काय काय आहे कोणाला ठाऊक, म्हणून जिन्यावरून सटकून खाली गेलेल्या ढब्बू बोक्याला धरून आणून दर वेळी धुतलं. आणि गाळ निघाल्यावर सगळ्या पेठेत फिनेल आणि ब्लीचिंग पावडर पडली. पडायलाच हवी होती, रोगराई टाळायची होती. पण मांजरांसाठी ते दिवस पाण्याच्या दिवसांपेक्षा धोक्याचे होते. रस्ता धुऊन वाळेपर्यंत वरचं दार मी उघडलं नाही. ती दाराशी ओरडत होती आणि माझ्या पोटात तुटत होतं, तरी नाही.

भडंगाचं सांगायचं राहिलं. सांगलीतल्या घरात भडंगाचा डबा असतोच, आणि चिंगी त्यात तोंड खुपसते. तेल, तिखट, हळद सगळं मिशांना. पण तळलेला लसूण ही त्यातली खरी काळजी. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तिचं तोंड मी लगेच पुसते, आणि आता डबा फिरकीच्या झाकणाचा आणलाय.

हे सगळं ऐकल्यावर लोक म्हणतात, मग आंघोळ घालायची तर शॅम्पू कुठला? माणसाचा नको, अगदी बाळाचासुद्धा नको. आपल्या कातडीपेक्षा मांजराच्या कातडीची आम्लता कमी असते, आपला शॅम्पू त्यांना कोरडं करून टाकतो. मांजरांसाठीचा मिळतो तो ठेवावा. डोक्यावर पाणी ओतू नये. बादलीत बुडवू नये. पायाखाली टॉवेल अंथरला की पाय घसरत नाहीत, आणि निम्मी भीती त्यानंच जाते. बाकी ओरडणार, ओरबाडणार, ते सोसायचं.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, पण मला ती सांगावीशी वाटते. मळून येणाऱ्या मांजराची मला काळजी वाटत नाही. मळकं राहणाऱ्या मांजराची वाटते. आमचा ढब्बू म्हातारा बोका. तो नेहमी सकाळी चिखलात लोळून यायचा आणि दुपारपर्यंत चकचकीत व्हायचा. मध्यंतरी त्याच्या पाठीवर कमरेच्या बाजूला केसांच्या जटा दिसायला लागल्या, अंग तेलकट, हात फिरवला की कोंडा. येणारे-जाणारे म्हणाले, "याला तरी आंघोळ घाला आता." मी त्याच्यासमोर बसून बघत राहिले. तो चाटायला मान वळवायचा, दोनदा जीभ फिरवायचा आणि थांबायचा. सुका दाणा तोंडात घेऊन परत ताटलीत टाकायचा. तोंडाजवळ नाक नेलं तर घाण वास. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा हिरड्या लालबुंद, दोन दाढा खराब झालेल्या. भूल देऊन त्या काढल्या. जखम भरेपर्यंत मी त्याला पातळ खिमट भरवलं आणि ओल्या फडक्यानं पुसत राहिले. जटा हळूहळू फणीनं सोडवल्या, कात्री लावली नाही, कारण मांजराची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर उचलली जाते. तोंड दुखायचं थांबलं तसा तो स्वतःला पूर्वीसारखा चाटायला लागला.

सांधे दुखत असतील, अंग फार सुटलं असेल, तरी मांजराची जीभ पाठीपर्यंत पोचत नाही आणि तेही असंच मळकं दिसतं. म्हणून तुमचं एरवी टापटीप असलेलं मांजर एकाएकी असं दिसायला लागलं तर बादली भरू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तोंड उघडून दात नीट बघायला सांगा.