देवीची लस वाहून नेणारी मुले

१४ जून

१८०२ साली आजच्याच तारखेला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या गेल्या आणि हिंदुस्थानात गाईच्या देवीची, म्हणजे गाईंना होणाऱ्या आणि माणसाला देवीपासून वाचवणाऱ्या सौम्य रोगाची, लस पहिल्यांदा धरली. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून आणखी पाच मुलांना टोचण्यात आला आणि तिथून ती लस हैदराबाद, कोचीन, तेल्लिचेरी, मद्रास अशी पसरत म्हैसूरच्या राजवाड्यापर्यंत पोहोचली. त्या काळच्या पत्रव्यवहारात अ‍ॅनाविषयी जे आले आहे ते मुख्यतः एवढेच, की ती निरोगी होती, स्वभावाने फार गुणी होती, आणि या देशात वापरली गेलेली सारी लस तिच्यापासून निघाली. जिच्यापासून एवढी मोठी गोष्ट सुरू झाली, तिची ओळख दोन-तीन वाक्यांत संपावी, हे मला आज दिवसभर टोचत राहिले आहे.

लसीसाठी मूलच का लागे, हे समजून घेतले म्हणजे या हकिगतीचे गांभीर्य कळते. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, टोचला, तेव्हापासून ही लस माणसाच्या अंगातच जगत होती. दोऱ्यावर किंवा काचांच्या मध्ये वाळवलेला द्रव उन्हाळी मुलखात निकामी होई. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला तर इथे पोहोचायला महिनोन्‌महिने लागत. मग एकच खात्रीचा मार्ग उरे: एकाला टोचायचे, आठ-दहा दिवसांनी फोड भरून आला की नस्तराने तो उघडून आतला स्वच्छ द्रव दुसऱ्याच्या दंडात घालायचा आणि ही साखळी तुटू द्यायची नाही. ज्याला देवी येऊन गेल्या आहेत किंवा आधी लस टोचली आहे त्याच्या अंगावर ती धरत नसे, म्हणून मोठी माणसे सहसा उपयोगाची नसत. लहान मुले मात्र हवी तेवढी मिळत, विशेषतः ज्यांच्या वतीने नाही म्हणायला कोणी नव्हते अशी.

मुंबईला आलेली लस व्हिएन्नातील ज्याँ द कारो या डॉक्टरांच्या खटपटीने खुष्कीच्या वाटेने निघाली होती आणि बगदाद, बसरा असे टप्पे घेत इथे आली.

मला अधिक अस्वस्थ करते ती स्पेनची मोहीम. राजा चौथा कार्लोस याच्या घरातही देवीने बळी घेतला होता, आणि अमेरिकेतील वसाहतींत तर या रोगाने गावेच्या गावे उठत होती. राजाने फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस या वैद्याला खर्च मंजूर करून दिला आणि ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ‘मारिया पिता’ हे जहाज ला कोरुन्या बंदरातून निघाले. त्यावर तीन ते नऊ वर्षे वयाची २२ मुले होती, बहुतेक सगळी अनाथालयातली. दर नऊ-दहा दिवसांनी त्यांतील दोघांना टोचायचे, कारण एकाची लस फुकट गेली तरी दुसऱ्याची राहावी. या मुलांनी फोड खाजवू नयेत आणि ज्यांची पाळी अजून आलेली नाही त्यांच्या अंगाला अंग लागू नये, म्हणून रात्रंदिवस पहारा ठेवावा लागे. अपघाताने एखाद्याला लस लागली तर साखळीचा एक दुवा वाया जाई. हा सांभाळ अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेंदाल हिच्याकडे होता आणि त्या २२ मुलांत तिचा स्वतःचा मुलगा बेनितोही होता.

मुलांच्या यादीत पास्कुआल आनिसेतो आहे, वय ३. तोमास मेलितोन, वय ३. आंद्रेस आणि दोमिंगो नाया, वये ८ आणि ६. बऱ्याच नावांपुढे आडनाव नाही. तीन वर्षांचे मूल अटलांटिकच्या लाटांवर, ताप आणि दुखरा दंड घेऊन, आईवाचून कसे झोपले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

मोहीम यशस्वी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी १८०४ मध्ये ती पोर्तो रिकोला पोहोचली, पुढे व्हेनेझुएला, क्युबा, मेक्सिको असा प्रवास करीत तिने असंख्य जीव वाचवले. पण हवानात पुढच्या टप्प्यासाठी मुले मिळेनात, तेव्हा बाल्मिसने तीन गुलाम स्त्रिया विकत घेऊन त्यांच्या दंडावरून लस पुढे नेली. ज्या औषधाने माणसे वाचायची, तेच नेण्यासाठी माणसे विकत घेतली गेली. तेव्हाच्या रीतीकडे बोट दाखवून मला हे सोडून देता येत नाही. स्पेनहून आलेल्या मुलांना राजाच्या खर्चाने सांभाळण्याचे वचन दिलेले होते, तरी मेक्सिको शहरात त्यांना निराश्रितांच्या आश्रमात ठेवले गेले आणि त्याबद्दल बाल्मिसने तक्रारी केल्या. १८०५ साली आकापुल्कोहून मनिलाला जाताना त्याने मेक्सिकोतील २६ मुले बरोबर घेतली. त्या जहाजावर त्यांना धड अंथरूणही नव्हते. जमिनीवर झोपलेली मुले जहाज हेलकावले की एकमेकांवर आदळत आणि नको त्याला लस लागे.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडांवर देवीच्या लसीचे गोल, किंचित खोल व्रण होते. ते ज्या लसीचे होते ती वासरांच्या अंगावर तयार होत असे. दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत तोपर्यंत मागे पडली होती, कारण त्यातून उपदंशासारखे रोगही पसरत. इंग्लंडने ती १८९८ साली कायद्याने बंद केली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे ही लस मुलांच्या अंगावर जगली, आणि १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले त्याच्या मुळाशी हीच मुले आहेत. जेन्नरचे श्रेय मला कमी करायचे नाही. फक्त त्याच्या नावाशेजारी जेम्स फिप्स, तोमास मेलितोन आणि अ‍ॅना यांची नावे यावीत, एवढेच मला वाटते.

माद्रिदने २०२० साली उभारलेल्या एका मोठ्या रुग्णालयाला इसाबेल सेंदालचे नाव दिले. मुंबईत एखाद्या सरकारी लसीकरण केंद्राच्या दारावर अ‍ॅना डस्टहॉलच्या नावाचा साधा फलक लागला तर मला मनापासून आनंद होईल. त्यावर तारीख असावी, तिचे वय असावे आणि तिच्यानंतरच्या त्या पाच मुलांचा उल्लेखही असावा.