बोहो, भामटे आणि इतर

दुपारी कुरियरने आलेल्या उशीच्या अभ्र्यांना गोंडे होते, बारीक आरसे होते आणि कोपऱ्यात 'बोहो' असे लेबल होते. सुनेला ते फार आवडले. मी मात्र जुन्या खोडीप्रमाणे अभ्रे बाजूला ठेवून शब्दाच्या मागे लागलो. बोहो म्हणजे बोहेमियन; आणि बोहेमियन अशासाठी, की पंधराव्या शतकात रोमा या भटक्या लोकांचे काही तांडे पश्चिम युरोपात शिरले तेव्हा त्यांच्यापाशी बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचा, राजा सिगिस्मंड याच्या नावाची अभयपत्रे होती, त्यावरून फ्रेंचांनी हे बोहेमियाचेच असे ठरवून टाकले. इंग्रजांना ते इजिप्तचे वाटले, म्हणून जिप्सी. मुळात हे लोक आपल्या वायव्य भारताकडून गेलेले. पुढे पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या चित्रकारांनी आणि कवींनी ते नाव स्वतःला लावून घेतले आणि मनास येईल तसे जगण्याला प्रतिष्ठा मिळाली. रोमांना मिळाली नाही.

मला शिवीपेक्षा या कौतुकाचाच अधिक संशय येतो. शिवीला निदान आपण शिवी आहोत हे ठाऊक असते. जर्मन भाषेत त्यांना त्सिगॉयनर म्हणत. १८८५ मध्ये हा शब्द नावातच असलेल्या संगीतकार योहान श्ट्राउसच्या ऑपेरेटावर, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेवर, व्हिएन्ना डोलले, आणि साठ वर्षे उलटण्यापूर्वी त्याच शब्दाचे रोमन लिपीतले आद्याक्षर, झेड, नाझींच्या ऑशविट्झ छावणीत रोमा आणि त्यांच्यातल्याच सिंती लोकांच्या हातावर क्रमांकापुढे गोंदले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून अधिक माणसांना, त्यांत बहुतेक म्हातारे, बायका आणि मुले, विषारी वायूच्या कोठड्यांत नेण्यात आले. एवढे होऊनही ढोबळ्या मिरचीच्या एका प्रसिद्ध सॉसच्या बाटलीवर हा शब्द जर्मनीत २०२० पर्यंत सुखाने नांदला.

१९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेत त्यांनी इतरांनी दिलेली ही नावे नाकारून 'रोम' हा आपला शब्द पुढे केला. त्याचा अर्थ माणूस, नवरा. (त्यांच्या भाषेत पाण्याला पानी आणि कानाला कानच म्हणतात, हे वाचून मला उगाचच सोयरीक जुळल्यासारखे वाटले होते.)

आजोळी उन्हाळ्याच्या दुपारी 'सुया घ्या, बिब्बे घ्या, पोत घ्या' अशी आरोळी येई. आजी त्या बाईला ओसरीवर बसवी, गूळपाणी देई, घासाघीस करून काळे मणी घेई आणि तिची पाठ वळताच तांबे-फुलपात्री मोजून घेई. भांडी कधी कमी भरली नाहीत आणि मोजणे कधी थांबले नाही. मी मात्र बाईबरोबरच्या मुलीकडे असूयेने पाहत असे, कारण हिला शाळा नव्हती, पाढे नव्हते आणि रोज नवे गाव होते. पाऊस आला की पालात काय होत असेल, हा विचार मनाला शिवलाही नाही. आजीचा संशय आणि माझा हेवा एकाच ओसरीवर बसलेले असत, आणि त्या मुलीचे नाव मात्र आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण भामटा हा शब्द राहिला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका समाजाचे नाव आहे आणि शब्दकोशात त्याचा अर्थ ठक असा आहे. त्या समाजातला मुलगा जातीच्या दाखल्याच्या अर्जावर हे नाव लिहितो, आणि 'वृद्धेचे दागिने लांबवणारा भामटा गजाआड' हा मथळा आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणाची जात नसते, हे मला मान्य आहे. तो मुलगाही तेच वर्तमानपत्र वाचत असतो.