आतनं बघितलं का?

गुरुवार, रात्री

फॅशन कॉलेजची ज्युरी झाली, बाहेरच्या परीक्षकांसमोर आपण शिवलेले कपडे मांडायचे ती परीक्षा. मार्क वाईट नाहीत. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर उद्या हे पान वाचून मलाच वाटेल की मी मार्कांसाठी रडले.

बाहेरून आलेल्या बाई एक्स्पोर्टच्या कामात मुरलेल्या आहेत. सगळ्यांचे कपडे त्यांनी आधी लांबून पाहिले, मग मॉडेलच्या अंगावर. माझं जॅकेट मात्र हातात घेतलं. खाली अस्तर मोकळं सोडलं होतं, तिथून हात घालून ते उलटं केलं आणि बाजूची शिवण दोन बोटांत धरली. दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड, आणि तीन टिपा. जरा हसल्या. सगळ्यांशी इंग्रजीत बोलत होत्या, माझ्याशी मराठीत म्हणाल्या, "छान आहे गं, पण आतून घरगुती वाटतं." आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

एवढंच झालं. माझ्याशीच मराठीत का बोलल्या, यावर आज विचार करणार नाही.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, निदान मनात तरी. त्या प्रेमाने बोलल्या. प्रेमाने बोललेलं परतवता येत नाही, आपण मान हलवतो आणि "हो मॅम" म्हणतो. मी तेच म्हटलं. मग जिन्यात जाऊन बसले आणि रडू आलं. जिन्यात इतर मुलीही होत्या, कुणाची झिप अडकली होती, कुणाचा प्रिंट बिघडून आला होता, त्यामुळे माझ्या रडण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्युरीच्या दिवशी जिना रडण्यासाठीच असतो.

कॉलेजात आल्यापासून काय काय शिकले. पहिल्या वर्षी फाउंडेशन, सगळ्यांना सारखंच: चित्र, रंग, जॉमेट्री. मग पॅटर्न मेकिंग, ड्रेपिंग, गार्मेंट कन्स्ट्रक्शन, मग कॅड. मस्लिनवर, साध्या सुती कापडावर, आधी शिवून बघायचं, उभा धागा चुकू द्यायचा नाही, कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की टांगून ठेवायचं, लोंबू द्यायचं, मगच खालची कड सरळ करायची. हे सगळं मला आवडतं. मनापासून आवडतं. इथे यायला जे करावं लागलं (बाबांचे माग, कर्ज, ते सगळं आज नको) त्याच्या बदल्यात मला हे मिळालं आणि मला ते हवंच होतं. पण एक गोष्ट मी इथे यायच्या आधीपासून जाणत होते, ती म्हणजे माया किती सोडायची. नेमकी तीच आज सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली गेली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"झालं का? काय म्हणाल्या त्या बाई?"

"बरं झालं म्हणाल्या."

"आतनं बघितलं का?"

"बघितलं."

"मग झालं तर," आई म्हणाली. आणि लगेच दुसरं काहीतरी सांगायला लागली, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीबद्दल.

मला जे टोचतंय ते इथे आहे. बाईंच्या वाक्यात नाही, आईच्या त्या 'मग झालं तर'मध्ये आहे. तिला दुसरा प्रश्नच पडला नाही. आतून बघितलं म्हणजे पसंत पडणारच. बाहेरून कपडा कुणालाही छान करता येतो, आतून बघणाऱ्याला मात्र फसवता येत नाही, अशी तिची समजूत आहे आणि तिच्या सगळ्या कामात ती खरी ठरलेली आहे. ती खरी न ठरणारी एक जागा आहे आणि तिथे तिची मुलगी शिकते, हे तिला फोनवर कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. टाकीचं ऐकत बसले.

आई ब्लाउज शिवते. इचलकरंजीत, पुढच्या खोलीत, उषाच्या मशीनवर. चार टकांचे, कटोरीचे, प्रिन्सेस कटचे, हल्ली मागे दोरी आणि लटकन असलेलेही. साडीतला ब्लाउजपीस एकदाच मिळतो. काठाचा, त्या रंगाचा, त्या विणीचा तुकडा पुन्हा बाजारात सापडत नाही. इरकलीबरोबरचा खण असो नाहीतर पैठणीतलं कापड, तो ब्लाउज घट्ट झाला की साडीचीच पंचाईत. म्हणून ती बाजूला ऐसपैस माया ठेवते आणि एकाशेजारी एक तीन टिपा मारते. बाळंतपणानंतर बाई येते, आई आतली एक टीप उसवते, ब्लाउज मोकळा होतो. आजारपणातून उठलेली येते, तिला आणखी एक टीप आत घालून देते. लग्नातला ब्लाउज मुलीच्या बारशाला होतो आणि पुढे त्याच मुलीच्या हळदीला. बाही आधी सपाट जोडलेली असते आणि बाहीपासून कमरेपर्यंत एकाच ओळीत शिवण आलेली असते, त्यामुळे उसवायलाही फार वेळ लागत नाही. कापड बेततानाच तिने त्या बाईची पुढची वर्षं धरलेली असतात.

मी हे लहानपणापासून पाहिलंय. शाळेच्या स्कर्टची खालची दुमड दर जूनमध्ये सोडायची आणि जुन्या दुमडीची फिकट रेघ वर्षभर दिसत राहायची. तेव्हा त्या रेघेची लाज वाटायची का? वाटली असेल. आठवत नाही.

आता दुसरी बाजू. तीही मांडायलाच हवी, कारण ती खरी आहे. प्रॉडक्शन शिकवणाऱ्या सरांनी एकदा फळ्यावर हिशेब करून दाखवला होता, तो माझ्या वहीत आहे. टॉपची बाजूची शिवण ६० सेंटीमीटर धरा. कडा चार, पुढच्या दोन आणि मागच्या दोन. प्रत्येक कडेला दीड सेंटीमीटर कापड जास्त सोडलं तर एका टॉपमागे ३६० चौरस सेंटीमीटर जातं. हजार टॉपमागे ३६ चौरस मीटर, म्हणजे दीड मीटर पन्ह्याचं २४ मीटर कापड. कुणाच्याही अंगावर न दिसणारं. कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच, म्हणून मार्करमध्ये, म्हणजे कापड कापायच्या आराखड्यात, सगळे तुकडे एकमेकांना चिकटवून बसवायचे, शिवणीला एक सेंटीमीटर सोडायचा, कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारायचा, पुढचा पीस. यात काही लबाडी नाही. त्या बाईंनी आयुष्यभर हेच केलंय, त्यावर कितीतरी घरं चालली आहेत. त्यांच्या डोळ्यांना माझी शिवण घरगुती दिसणारच.

मागच्या महिन्यात लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर जो मॉल आहे तिथे गेले होते. मी दुकानात गेले की कपडे उलटे करून बघते, मैत्रिणींना त्याचा कंटाळा येतो. एकाही टॉपच्या बाजूला बोटभर कापड नव्हतं. हातातल्या एका टॉपची किंमत बघून मी तो परत टांगला. तो टॉप एम साइजच्या बाईसाठी आहे, आणि एम साइज कधी बाळंत होत नाही, आजारी पडत नाही, म्हातारी होत नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी तिने दुसरा टॉप घ्यायचा. जिथे एकेकाळी कापड विणलं जायचं तिथेच उभी राहून मी हा विचार केला आणि मला फार एकटं वाटलं होतं. तेव्हा ते लिहिलं नव्हतं.

आता बारा वाजून गेले असतील. मघाशी मी कॉस्च्युम हिस्ट्रीच्या नोट्स काढून बसले होते, कारण मला काहीतरी आठवत होतं आणि ते सापडलं. पॅरिसच्या कुतूर घरांमध्ये, म्हणजे महागड्या फॅशन घरांमध्ये, एका गिऱ्हाइकासाठी हाताने शिवलेल्या कपड्यांना आतून मुद्दाम रुंद माया ठेवतात, पुढे कपडा वाढवता यावा, कमी करता यावा म्हणून. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाली रेघ मारलेली आहे. वाचून इतकं बरं वाटलं की उठून पाणी प्यायले.

आणि मग ते बरं वाटणंच बोचायला लागलं. पॅरिसमध्ये करतात म्हणून आईचं बरोबर? पॅरिसच्याच फॅशन डिझायनर मॅडम व्हियोनेंनी उरेब कापडाचे झगे केले ते १९२०च्या दशकात. ते वाचताना मला इतका आनंद झाला होता, आणि आई गळ्याला उरेब पट्टी लावते तेव्हा मी तिच्या हाताकडे कधी त्या आनंदाने पाहिलंच नाही का? पाहिलंय. पाहिलंय मी. पण ते वहीत लिहिलं नाही, खाली रेघ मारली नाही. मला हा पुरावा नको. आईच्या शिवणीला पॅरिसची साक्ष काढावी लागत असेल तर आजच्या बाईंचं आणि माझं एकमतच झालं म्हणायचं.

घरी दिवाळीला काका दरवर्षी म्हणतात, "आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया, तशी तू." १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्या. कॉलेजात आल्यावर त्यांच्याबद्दल नीट वाचलं. जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, आधी चित्रकार, मग वेशभूषाकार. आणि २०१२ साली त्यांनी ऑस्करची ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडेच परत पाठवली. काकांना पुरस्कार आवडतो, मला हे परत पाठवणं आवडतं. आपल्यामागे वस्तूचं काय होईल याची काळजी ज्यांनी केली त्या बाईंनी कपड्याची आतली बाजू नक्की पाहिली असेल, असं मला वाटत राहतं. कशावरून, ते विचारू नये.

कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना होता. आईने स्वतःच सांगितलं, गृहिणी लिही. दिवसभर मशीनवर बसणारी बाई. मी लिहिलं. ते राहू दे.

खूप लिहिलं. रडू ओसरलंय आणि आता डोकं चालायला लागलंय, ते बरं आहे.

कारण एक गोष्ट आहे, जी बाईंनी बोलून दाखवली नाही आणि आईला विचारायची राहिली. माझ्या जॅकेटची बाही गोल बसवलेली आहे, दोन तुकड्यांची, मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोलाईत) पूर्ण फिरवून. ब्लाउजसारखी बाहीपासून कमरेपर्यंत एका ओळीतली शिवण तिथे नाही. म्हणजे बाजूची टीप उसवली तरी मुंढ्यापाशी येऊन सगळं थांबणार. कमरेला कपडा मोकळा होईल आणि छातीला तसाच राहील, आणि बाईचं अंग फक्त कमरेला बदलत नाही. कोटाचे शिंपी वाढवलेली शिवण मुंढ्याखाली निमुळती करत नेतात, तेवढं मी पाहिलंय. पण ते अर्ध्या इंचाचं काम, दीड इंचाचं नाही. मुंढ्याखाली वेगळी पाचर, म्हणजे जोडायचा त्रिकोणी तुकडा, घातली तर? बाही आणि बाजू दोन्हींत जाणारी, आतल्या बाजूला दुमडून शिवलेली, लागेल तेव्हा उघडणारी? प्रिन्सेस कटच्या गोल शिवणीत माया ठेवता येत नाही, ताण येतो, काप द्यावे लागतात, म्हणून मी ती फक्त बाजूला आणि पाठीच्या मधोमध ठेवली होती. पाठीचं चालेल. बाजूचं नव्याने बेतावं लागेल.

पदवीच्या शोसाठी सहा कपडे करायचे आहेत. त्यातले दोन कारखान्यात शिवता येतील असे करीन, एक सेंटीमीटर, ओव्हरलॉक, सरांच्या हिशेबात बसतील असे. ते मला येतं आणि ते मी चांगलं करीन. उरलेल्या चारांत माया राहणार. टेक पॅकमध्ये, म्हणजे कारखान्याला द्यायच्या सूचनांच्या कागदांत, स्पष्ट लिहीन: बाजूची शिवण, माया साडेतीन सेंटीमीटर, समांतर तीन टिपा, आतली आधी उसवावी. हजार नगांना जास्तीचं कापड किती आणि एका नगाची किंमत त्याने किती वाढते, तेही खाली मांडीन, म्हणजे कुणी विचारायच्या आधी उत्तर कागदावर असेल. आणि पोर्टफोलिओत प्रत्येक कपड्याचा फोटो दोनदा लावीन, एकदा सरळ, एकदा उलटा करून.

मस्लिन संपलंय. शनिवारी सकाळी लवकर मंगलदास मार्केट, गर्दी व्हायच्या आत. त्याआधी आईला फोन करायचा आणि पाचरीचं विचारायचं. मापं काढून ठेवायची, कारण ती पहिलं हेच विचारणार: बाई कोण आहे, अंगाने कशी आहे?